नऊ वाजता किल्ल्यात प्रवेश

माझे वडील शाळेत गणित शिकवायचे, आणि घरी आल्यावरही शिकवायचेच. आमच्याकडे आमटीत मीठ कमी पडलं, तर ते कितीने कमी पडलं असा प्रश्न यायचा. अशा माणसाने एका वर्षी 'निवांत सहल' काढायचं ठरवलं. निवांत हा शब्द त्यांचाच. तो त्यांनी वहीच्या कोऱ्या पानावर मथळा म्हणून लिहिला, खाली दुहेरी रेघ मारली आणि पुढची चार पानं त्या निवांतपणाची आखणी करण्यात भरून टाकली.

ही गोष्ट एकतीस-बत्तीस सालच्या सुमाराची. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. अलिबागपासून चार कोसांवर, भातखाचरांच्या गावात आम्ही राहायचो. समुद्र तिथून दिसत नसे. बाबा मूळचे घाटावरचे, बदली होऊन कोकणात उतरलेले. समुद्राकडे ते वर्गातल्या दांडगट मुलाकडे पाहावं तसं पाहायचे. नियम नीट समजावून सांगितले की तोही ऐकेल, असा त्यांचा विश्वास होता.

नाताळची सुट्टी लागली होती. अलिबागचा कुलाबा किल्ला पाहायचा, असा बेत ठरला. घरात आम्ही सहाजण: आई, बाबा, बाबांची थोरली बहीण म्हणजे आमची आत्या, मी आणि माझे धाकटे दोघे भाऊ. बेत जाहीर झाल्यावर भाऊ नाचले, आत्याने पंचांग काढलं आणि आई म्हणाली, "मी येते. पण माझी एक अट आहे."

आईने अट घातली आहे हे ऐकूनच बाबा चष्मा काढून पुसायला लागले. लग्नाला तेरा वर्षं झाली होती आणि हा प्रकार नवीन होता.

"त्या दिवशी मी चुलीपुढे बसणार नाही," आई म्हणाली. "सकाळपासून रात्रीपर्यंत. आदल्या दिवशी काय हवं ते करून ठेवीन. पण त्या एका दिवसात माझ्या हाताने चूल पेटणार नाही."

"मान्य!" बाबा मोठ्या मनाने म्हणाले. त्यांना ती अट किरकोळ वाटली, याचा मला आजही राग येतो. आई रोज पहाटे उठायची आणि सगळ्यांच्या मागून आडवी व्हायची. मधल्या वेळात मी तिला बसलेली पाहिली आहे ती निवडायला, चिरायला, थापायला किंवा फुंकायला. नुसती बसलेली पाहिली नव्हती.

आता किल्ल्याचं सांगते. हा किल्ला समुद्रात आहे, पण किनाऱ्यापासून फार लांब नाही. ओहोटीला पाणी हटतं आणि माणसं वाळूतून, खडकांतून चालत आत जातात. भरती आली की त्याचं पुन्हा बेट होतं. म्हणजे वेळेचं गणित आलं, आणि गणित म्हटल्यावर बाबांना स्फुरण चढलं. त्यांनी आमच्या पोस्टमनकडून रीत शिकून घेतली. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, येईल तितक्या वाजता पुरी भरती. त्यात सहा मिळवले की पुरी ओहोटी. ओहोटीच्या अलीकडे दोन तास आणि पलीकडे दोन तास वाट मोकळी. आम्हा तिघांकडून त्यांनी हे दोन दिवस घोकून घेतलं. मग मार्गशीर्ष वद्य पंचमी, शनिवार, हा दिवस ठरवला. पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचार. त्यात सहा मिळवून पावणेदहा. नऊला आत शिरायचं, अकराला बाहेर पडायचं, कुठे घाई नाही.

गंमत अशी की आई रेवदंड्याची होती. खाडीच्या तोंडाशी वाढलेली. भरती-ओहोटी तिला आम्हाला तीनाचा पाढा येतो तशी यायची. पण बाबांनी पोस्टमनला विचारलं, शाळेच्या शिपायाला विचारलं, गावच्या पाटलांना विचारलं, आईला विचारायचं मात्र त्यांना सुचलं नाही. आईनेही आपण होऊन सांगितलं नाही.

वेळापत्रक सुवाच्य अक्षरात लिहायचं काम माझ्याकडे आलं. बाबा सांगत होते आणि मी लिहीत होते. पहाटे पाच, प्रस्थान. साडेआठ, अलिबाग. नऊ, किल्ल्यात प्रवेश. सव्वानऊ, गणपतीचं दर्शन. साडेनऊ ते साडेदहा, तट, तोफा व गोड्या पाण्याची विहीर. अकरा, परत. साडेअकरा ते दोन, बंधूंकडे भोजन. आणि कंसात: स्त्रियांनी स्वयंपाकास हातभार लावावा.

हे बंधू म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, अलिबागला कचेरीत होते. माणूस भला, पण घरात खाणारी तोंडं अकरा आणि स्वयंपाक करणारी एकटी आमची काकू. तिकडे जाणारी प्रत्येक बाई पाय धुवून थेट स्वयंपाकघरात जायची. मागे आई त्यांच्याकडे बारशाला गेली होती, ती तीन तास पुरणपोळ्या लाटून परत आली. मुलगा झाला की मुलगी, हे तिने घरी येताना गाडीत आम्हाला विचारलं.

वेळापत्रक भिंतीवर लागलं. आईने ते वाचलं, कंसासकट वाचलं, आणि ती काही बोलली नाही. आई काही बोलली नाही की आम्ही मुलं सावध व्हायचो. बाबांना ती पसंती वाटायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोळीण आली. ही दर एक दिवसाआड टोपली घेऊन आमच्या दारी यायची आणि पुढे अलिबागच्या बाजाराकडे जायची. आईचं आणि तिचं मासळीच्या भावावरून भांडण चालायचं, पण त्या भांडणात दोघींचा जीव रमायचा. त्या दिवशी भांडण झालंच नाही. मी अंगणात तांदूळ निवडत होते. आईने बोंबील हातात धरून सहज विचारावं तसं विचारलं, "काय गं, बीजेला किल्ल्याची वाट कधी बंद होते? मला सवय राहिली नाही आता."

"बीजेला?" कोळणीने डोळे बारीक केले. "बीजेचा पानी सकालीच उतरतं, बाय. नवाच्या म्होरं चढाय लागतं. आनि जोरात चढतं, हां. त्याच्यामंगारी जो आत ऱ्हायला, तो सांजेपातूर आतच. का गो? जाताव काय?"

"बघू," आई म्हणाली. मग ती कोळणीच्या कानाशी वाकून काहीतरी बोलली. कोळीण इतकी हसली की तिची टोपली कलली. त्या दिवशी तिने चार बोंबील वर टाकले.

त्याच संध्याकाळी आत्या वाती वळत बसली होती. आई तिच्याजवळ जाऊन बसली आणि अदबीने म्हणाली, "वन्सं, तुम्हाला विचारायचं राहिलंच. शनिवारी समुद्र ओलांडलेला चालतो का हो?"

आत्याने आयुष्यात कधी समुद्र ओलांडला नव्हता, शनिवारीही नाही आणि इतर वारीही नाही. पण चालतं का असं विचारल्यावर चालतं म्हणणं तिच्या स्वभावात नव्हतं. "शनिवारी? भलतंच काय!" ती म्हणाली. "बरं झालं विचारलंस."

"मग बुधवार?"

आत्याने वर छताकडे पाहिलं. नाही म्हणायला काही सापडेना, तेव्हा ती म्हणाली, "बुधवार चालेल."

बाबांनी पंधरा मिनिटं वाद घातला. आत्याने दोन मिनिटं डोळ्याला पदर लावला आणि सहल बुधवारवर आली. बुधवारी वद्य द्वितीया होती, म्हणजे आई म्हणत होती ती बीज. "वेळापत्रक नव्याने लिही," बाबा मला म्हणाले, "वार आणि तिथी बदल." आणि ते उत्तरपत्रिका तपासायला बसले.

मी वार बदलला, तिथी बदलली आणि लेखणी थांबली. दोन त्रिक सहा, भागिले चार, दीड. दीड आणि सहा, साडेसात. म्हणजे साडेनऊला वाट बंद. आम्ही तर नऊला आत शिरणार होतो! मी वही घेऊन स्वयंपाकघरात धावले.

"आई, बाबांनी वेळ बदललीच नाही. बाबांचं गणित चुकलंय!"

आई भाकरी थापत होती. तव्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "तुला बुधवारी दिवसभर किल्ल्यात हुंदडायचंय, की काकूकडे भांडी विसळायचीयत?"

मी वही मिटली. मी सत्यवचनी मुलगी म्हणून शाळेत प्रसिद्ध होते, पण काकूकडची भांडी मी पाहिली होती.

मंगळवारी आईने दशम्या केल्या, तिळाची चटणी कुटली, चिवडा केला, गूळ-खोबरं बांधलं. बाबा येता-जाता म्हणत होते, "अगं, बंधूंकडे जेवायचं आहे आपल्याला." आई म्हणायची, "वाटेत पोरांना लागतं." मग तिने मोठी सतरंजी गुंडाळून दाराशी ठेवली, तेव्हा मात्र बाबांनी हरकत घेतली.

"दोन तासांसाठी सतरंजी?"

"वन्संना खाली बसवत नाही," आई म्हणाली. आत्याला या गोष्टीचा पत्ता नव्हता, पण आपली काळजी घेतली जाते आहे हे ऐकून तिने लगेच गुडघा चोळायला सुरुवात केली.

बुधवार उजाडला आणि सगळं उलटंपालटं झालं. एरवी कुठे जायचं असलं की बाबा दारात घड्याळ धरून उभे असायचे आणि आई आतून "आलेच" म्हणायची. त्या दिवशी आई चारालाच पदर खोचून अंगणात उभी होती. तिला कसली घाई होती ते मला एकटीला ठाऊक होतं. साडेनऊच्या आधी किल्ल्यात शिरलो तर दिवस तिचा. नंतर पोचलो तर पाणी चढलेलं असणार, किनाऱ्यावरूनच नमस्कार करायचा आणि काकूच्या चुलीपुढे जाऊन बसायचं.

आणि उशीर होत गेला. आत्या तीनदा परत आत गेली, एकदा देवाला सांगायला, एकदा तपकीर घ्यायला, एकदा देवाला सांगितलं का ते आठवेना म्हणून. वाटेत एक बैल बसला. गाडीवान म्हणाला, "उठंल तो, मास्तर. त्याचं मन झालं की उठंल." बाबा शांत होते. त्यांच्या हिशेबाने दोन तास हाताशी होते. "आजचा दिवस निवांत आहे," ते बैलालासुद्धा ऐकू जाईल असं म्हणाले. आई गाडीतून उतरली, बैलाच्या कानाशी गेली आणि काय बोलली देव जाणे, बैल उठला.

अलिबागला पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. काकूच्या अंगणात गाडी सोडली. बाबा म्हणाले, आत जाऊन पाणी तरी पिऊ. "परत येताना," आई म्हणाली आणि किनाऱ्याच्या दिशेने अशी निघाली की आम्ही मागून पळत होतो.

वाट अजून होती, पण नावालाच. वाळूवर पाण्याच्या जिभा सरकत होत्या. समोरून किल्ल्यातली शेवटची माणसं धोतरं वर धरून परत येत होती. सगळे बाहेर येताहेत आणि आपणच आत चाललो आहोत, हे बाबांच्या लक्षात आलं. ते म्हणाले, "गर्दी ओसरली, हे छान झालं."

जाळं सुकवत बसलेला एक म्हातारा कोळी उठून ओरडला, "ओ मास्तर! पानी चढतंय! फिरा मागारी!"

बाबांनी थांबून त्याला घड्याळ दाखवलं. "अजून दोन तास आहेत," ते समजुतीने म्हणाले. कोळ्याने घड्याळाकडे पाहिलं, समुद्राकडे पाहिलं, शेवटी बाबांकडे पाहिलं आणि तो खाली बसला. आई तोवर कासोटा आवळून, धाकट्याला कडेवर घेऊन निम्म्यात पोचली होती. आत्या "मी नाही बाई, मी नाही बाई" म्हणत तिच्यामागे चालली होती. शेवटच्या खडकापाशी पाणी माझ्या गुडघ्यापर्यंत आलं. दरवाज्यातून आत शिरल्यावर आईने धाकट्याला खाली ठेवलं आणि एक लांब श्वास सोडला. तिचा चेहरा परीक्षा सुटल्यासारखा झाला होता.

पुढचा तासभर सगळं वेळापत्रकाप्रमाणे झालं. दर्शन झालं, तोफा झाल्या, तोफेवर चढलेल्या भावाला उतरवून झालं. बरोबर पावणेअकराला बाबांनी टाळी वाजवली आणि आम्हाला दरवाज्याकडे नेलं.

दरवाज्याबाहेर समुद्र होता. वाट नव्हती, खडक नव्हते, वाळू नव्हती. लाटा पायरीवर आपटत होत्या. बाबांनी समुद्राकडे पाहिलं, मग वहीत पाहिलं आणि म्हणाले, "हे बरोबर नाही." बराच वेळ ते वही आणि समुद्र आळीपाळीने तपासत राहिले. चूक वहीत आहे हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला. कळल्यावर त्यांचे कान लाल झाले. चाळीस मुलांपुढे फळ्यावर चुकल्यासारखं त्यांना झालं असणार. मला त्यांची फार दया आली आणि तोंडापर्यंत आलं की सांगून टाकावं.

"तू लिहिताना तुझ्या लक्षात नाही आलं?" त्यांनी मलाच विचारलं.

मी पायांकडे पाहू लागले. तेवढ्यात आई म्हणाली, "जाऊ द्या हो. कधी उतरेल पाणी?"

"साडेपाचच्या पुढे," बाबा खोल आवाजात म्हणाले. "तिकडे वहिनी पानं मांडून बसल्या असतील!"

"मग आता बसायलाच हवं," आई म्हणाली. हे वाक्य तिने इतक्या दुःखाने म्हटलं की मला तोंड फिरवावं लागलं.

किल्ल्यातल्या तळ्याकाठी एका झाडाखाली सतरंजी पसरली गेली. दशम्या निघाल्या, चिवडा निघाला, सहाजणांना पुरून उरला. आत्या म्हणाली, "तरी बरं, हिने बांधून आणलं." बाबा मान खाली घालून जेवले. जेवण झाल्यावर आईने पाय पसरले. हातात काही नव्हतं. ती तळ्यावरच्या उन्हाकडे बघत होती.

आणि तेवढ्यात देवळाचा गुरव आला. फार प्रेमळ म्हातारा. आम्ही अडकलो हे त्याला कळलं होतं. तो म्हणाला, "आवो, दिसभर कशी काढताव? माजी खोली हाय तिथं. चूल हाय, लाकडा हायती, दूद पन हाय. बाय, च्या टाका मस्तपैकी समद्यांना!"

आत्या लगेच म्हणाली, "चहा झाला तर डोकं उतरेल माझं." भाऊ म्हणाले, आम्हालाही. गुरव हसत उभा. आईने पाय जवळ घेतले. तिच्या चेहऱ्यावरून ऊन उतरल्यासारखं झालं. इतकं सगळं जमवून आणलं, समुद्राला मध्ये घातलं, तरी चूल पोहत आली होती. ती गुडघ्यावर हात टेकून उठायला लागली. मला रडूच येणार होतं.

"तू बस," बाबा म्हणाले.

आम्ही सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"अट होती," ते म्हणाले. "चहा मी टाकतो." आणि गणित चुकलेला तो माणूस धोतर सावरत गुरवाच्या खोलीकडे निघून गेला.

अर्धा तास त्या खोलीतून धूर येत होता. मधूनमधून बाबांचं खोकणं यायचं, गुरवाचा "फुका, मास्तर, अजून फुका" असा आवाज यायचा. मग डोळे लाल, कपाळाला काजळी, अशा अवस्थेत बाबा पितळी पेले घेऊन आले. तो चहा धुराचा लागत होता, आणि बराचसा गुळाचाही. आत्याने एक घोट घेतला आणि तिचं डोकं आपोआप उतरलं. आईने मात्र पेला तळापर्यंत संपवला. "छान झालाय," ती म्हणाली. खोटं बोलताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते धुराचं नव्हतं.

मग ती सतरंजीवर कुशीला वळली, तोंडावर पदर ओढला आणि झोपली. मी आईला दिवसा झोपलेली त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. ताप असतानाही ती भिंतीला टेकून डाळ निवडायची. मी जवळ बसून तिचा श्वास मोजत होते, घाबरले होते थोडी. भावांना बाबांनी तटावर नेलं. परत आल्यावर आत्याशी बोलणं निघालं तर ते कुजबुजत बोलत होते. वर्गात घसा फोडणारा माणूस कुजबुजू शकतो हे मला ठाऊक नव्हतं.

साडेपाचच्या पुढे वाट उघडी पडायला लागली. मी धावत येऊन सांगितलं, "बाबा, पाणी उतरलं!" त्यांनी घड्याळ काढलं, पाहिलं आणि परत खिशात ठेवलं.

"झोपू दे तिला," ते म्हणाले. "अजून थोडं उतरू दे."

सूर्य टेकला तेव्हा आई आपणच जागी झाली. कोरड्या वाळूतून आम्ही परत आलो. काकूच्या दारात पाऊल टाकतानाच बाबांनी हात जोडले. "वहिनी, क्षमा करा. तुम्हा सगळ्यांना जेवायला खोळंबून ठेवलं."

"छे हो भाऊजी, कुठलं खोळंबणं?" काकू म्हणाली. "कोळणीने निरोप दिला होता ना, तुम्ही जेवायला नाही म्हणून. सोमवारीच सांगून गेली."

सोमवार, असं बाबा स्वतःशी म्हणाले. ते आकडेमोड करताहेत हे मला त्यांच्या ओठांवरून कळत होतं. मग त्यांनी आईकडे पाहिलं. आई काकूच्या तुळशीकडे पाहत होती. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. गाडीत बसून आम्ही घरी आलो तरी ते त्यावर एक शब्द बोलले नाहीत. त्यानंतरही कधी बोलले नाहीत, आणि आईने विचारलं नाही.

पुढच्या वर्षी नाताळची सुट्टी लागली, तेव्हा बाबांनी मला बोलावून वही पुढे केली. मी लिहायला बसले. मार्गशीर्ष वद्य द्वितीया, ते म्हणाले. पहाटे पाच, प्रस्थान. नऊ, किल्ल्यात प्रवेश.

मी मान वर केली. दोन त्रिक सहा, भागिले चार. बाबा उत्तरपत्रिकांमध्ये डोकं घालून बसले होते.

"लिही तसंच," ते म्हणाले. "आणि खाली लिही, सतरंजी. त्याच्याखाली लिही, दुपारी चार, चहा. कंसात, मी."